पिंप्राळ्यातील शरद

खानदेशाबाहेरच्या माणसाला जळगाव ठाऊक असते ते तेथील सोन्यामुळे, केळीमुळे आणि उन्हाळ्यामुळे. वैशाखात पारा 45 अंशांपर्यंत चढला की वर्तमानपत्रेही आमची दखल घेतात. शरद मात्र गाजावाजा न करता येतो. नोकरीत असताना आश्विन म्हणजे सप्टेंबरअखेरचे सहामाही हिशेब, एवढीच माझी त्याच्याशी ओळख होती. पिंप्राळ्यात स्थायिक झाल्यावर तो ऋतू आहे हे कळले.

रेल्वे फाटकापलीकडचे हे जुने गाव आता जळगाव महानगरपालिकेत सामावले आहे. फाटकावर उड्डाणपूल झाला, शेतांच्या वसाहती झाल्या, तरी गावपण पुरते गेलेले नाही. येथील रथोत्सव आषाढी एकादशीला होतो, तर जळगावच्या श्रीरामाचा रथ कार्तिकी एकादशीला निघतो. दोन्ही वेळी त्यापाठोपाठ काही दिवसांतच आपल्या चातुर्मासाचा अनुक्रमे आरंभ आणि समाप्ती येते. सनातनी शेजारी आणि आपण, दोघांचे पंचांग असे हातात हात घालून चालते.

पर्युषण आटोपले, क्षमापना झाली, की पावसाचा जोर ओसरतो. वस्ती संपते तेथे काळी जमीन सुरू होते. पहाटे तिच्यावर दव असते आणि दहा वाजता त्याच वाटेवर ऊन भाजून काढते. कपाशीची बोंडे उमलू लागतात. मृगबाग वर आलेली असते आणि कांदेबागेच्या केळीची लागवड सुरू होते. सायंकाळी भुलाबाईची गाणी ऐकू येतात. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर जमतात, गाणी म्हणतात आणि झाकलेल्या डब्यात कोणता खाऊ आहे ते ओळखतात. आमच्या गल्लीत आता मुली थोड्या राहिल्या आहेत. त्यामुळे खाऊ ओळखायला आजीमंडळीही बसतात आणि लबाडीही तीच अधिक करतात.

आश्विनात नवपद ओळी येते. नऊ दिवस आयंबील: एक वेळ, तूप-तेल, दूध-दही, गूळ-साखर वर्ज्य. ज्यांना मधुमेहासाठी डॉक्टरांनी साखर सोडायला सांगून दहा वर्षे झाली आणि सुटली नाही, त्यांची ती येथे नऊ दिवस सहज सुटते! शहरातील स्थानकात प्रवचनाला जाणाऱ्यांत आम्हा निवृत्तांचाच भरणा असतो. सामायिकाची 48 मिनिटे घड्याळ लावून मोजणाऱ्या माणसाला दुपारचे चार तास कसे काढावे हे मात्र कळत नाही. हे दुःख कोणी उघड बोलत नाही. दिवाळीला मुले येतात. भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दीप लागतो, दुसऱ्या दिवशी गौतमस्वामींच्या केवलज्ञानाचे स्मरण होते, आणि ज्ञानपंचमीला वह्या-पुस्तकांची पूजा होईपर्यंत अर्धी घरे पुन्हा रिकामी झालेली असतात. पुणे, बंगळूर, अमेरिका.

येथे मला आपल्या घराण्यांतील एक जुना शब्द आठवतो: दिसावर. मारवाडातून निघालेल्या पूर्वजांना खानदेश हा दिसावर होता, म्हणजे पोट भरण्याचा परका मुलूख. रेल्वे आली, 1861 ते 1865 या अमेरिकेतील यादवीच्या काळात कापसाचे भाव चढले, आणि पेढ्यांची पाळे या काळ्या मातीत रुजली. उद्योजक भवरलालजी जैन यांचे पूर्वजही राजस्थानातूनच आले. ते स्वतः 1937 साली अजिंठ्याजवळच्या वाकोदला जन्मले आणि मोठे झाले ते जळगावात. आमच्या आजोबांच्या तोंडी ‘देस’ म्हणजे मारवाडच होता. आमच्या तोंडी तो पिंप्राळा झाला. म्हणजे परका मुलूख आपला व्हायला दोन पिढ्या पुरतात. हा हिशेब मांडला की मुलांविषयीची तक्रार ओठांवरच थांबते. त्यांनीही दिसावरच धरला आहे. आपण मात्र त्यांच्यामागे राहिलेला ‘देस’ झालो आहोत.

शेजारचे एक निवृत्त धान्य-व्यापारी वयाच्या 78 व्या वर्षी एकटे राहतात. मुलगा दरवर्षी म्हणतो, “बापूजी, घर विका आणि इकडे या.” यंदा त्यांनी गिऱ्हाईकही पाहिले होते. साधूंना एका जागी चार महिन्यांहून अधिक राहता येत नाही, मग गृहस्थाने भिंतींना का धरून बसावे, असा त्यांचा युक्तिवाद. मला तो पटला नाही. साधू जेथे जातो तेथे संघ असतो. परदेशातल्या सदनिकेत मुलगा-सून कामाला गेल्यावर दारावरची घंटा कोण वाजवणार? बापूजींनी ऐकून घेतले आणि काही बोलले नाहीत.

कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार झाला. सूर्योदय होताच महाराजसाहेब अनवाणी निघाले आणि बापूजी काठी टेकत त्यांच्यामागे बरेच अंतर चालले. मांगलिक ऐकून सारे परतले. वाटेत कपाशी भरलेले ट्रॅक्टर चालले होते. बापूजींनी एकाला थांबवून भाव विचारला, तो ऐकून मान हलवली, आणि घराचे गिऱ्हाईक परत पाठवल्याचे मला सांगितले. मुलाकडे ते माघात जाणार आहेत. परतीचे तिकीट फाल्गुनाचे काढले आहे.