समुद्र, डोंगर की स्टेशन?

आमची भाची फ्रान्समध्ये नीसजवळ असते. तिथे समुद्र आणि बर्फाचे डोंगर एकमेकांना इतके लागून आहेत की सकाळी पाण्यात पाय बुडवावेत आणि दुपारी बर्फात जावं. तिला आता स्वतःचं घर घ्यायचंय. नवरा म्हणतो किनाऱ्यावर, ही म्हणते वर खोऱ्यात, कारण तिथे स्वस्त आणि शांत. "मामा, तुम्ही आटगाव कसं ठरवलंत?" असं तिने फोनवर विचारलं. फोनवर काय सांगणार? म्हणून इथे लिहितो आहे. भाचीही वाचेल आणि इतर मंडळीही. तुमच्यापैकी चार-पाच जणांनी हाच प्रश्न मला वेगवेगळ्या वेळी विचारलेला आहेच.

२००९ साली मी शाळेतून निवृत्त झालो. डोंबिवलीची दोन खोल्यांची जागा विकून कुठेतरी मोकळं राहायचं, एवढंच नक्की होतं. हिचं माहेर गुहागर. तिच्या डोळ्यांपुढे व्याडेश्वराचं देऊळ, सुरूचं बन आणि त्यापलीकडे समुद्र. माझं मूळ गाव मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या बाजूला, नाणेघाटाच्या पायथ्याशी. माझ्या डोळ्यांपुढे भाताची खाचरं आणि मागे उभा सह्याद्री. दोघांनाही आपापलं बालपण विकत घ्यायचं होतं, असं आता वाटतं.

आपल्या कोकणपट्टीचं वैशिष्ट्य असं, की थोडं इकडेतिकडे सरकलं की हवा, पाणी, बोली आणि जेवण सगळं बदलतं. महाबळेश्वरला जेवढा पाऊस पडतो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला पडत नाही. भूगोल शिकवताना हे मी मुलांना फळ्यावर काढून दाखवायचो. पण तोच भूगोल स्वतःच्या घरासाठी वाचायची वेळ आली तेव्हा कळलं, की पुस्तकातला पाऊस आणि भिंतीत मुरणारा पाऊस वेगळा.

गुहागरला आम्ही एक पावसाळा मुद्दाम राहून आलो. हिला दम्याचा त्रास. दमट हवेत तिसऱ्या आठवड्यात ती रात्री उशाला टेकून बसून झोपायला लागली. शिवाय रेल्वे चिपळूणला, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. ती स्वतःच म्हणाली, "माहेर चार दिवसांचंच बरं." पुढे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धन, दापोलीकडच्या लोकांच्या नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या. तेव्हा ती बराच वेळ टीव्हीसमोर गप्प बसली होती.

माझ्या गावाचं उत्तर त्याहून लवकर मिळालं. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणला जायचं तर एसटी. हवा उत्तम, माणसं ओळखीची, पौष पौर्णिमेची म्हशाची जत्रा हाकेच्या अंतरावर. पण दम्याचं माणूस घेऊन रात्री एसटीची वाट बघायची हे काही पटेना.

बदलापूरही बघितलं. तिथे एका जुन्या सहकाऱ्याने आग्रह केला होता. पण २६ जुलै २००५ ला उल्हास नदी त्याच्या बैठकीत शिरली होती आणि भिंतीवर ती रेघ अजून दिसत होती. (२०१९ च्या जुलैत ती पुन्हा शिरली. त्याच पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती, आठवत असेल.)

तेव्हा भाचीबाईंना पहिली गोष्ट ही सांगतो, की खोऱ्यातलं घर बघायला जाशील तेव्हा नदीला विचार. तुमच्याकडे २ ऑक्टोबर २०२० ला अॅलेक्स वादळात वेझुबी आणि रोया खोऱ्यांतली घरं नदीबरोबर गेली. तुमचा उन्हाळा कोरडा, आमचा पाऊस चार महिन्यांचा, पण नदीला तिची जुनी जागा दोन्हीकडे आठवते.

आटगाव आम्ही घेतलं ते लोकलमुळे. कसारा लाइनवर आसनगावच्या पुढचं स्टेशन, मुंबईपासून साधारण ९५ किलोमीटर. गाड्या कमी, पण बसलं की कल्याण पाऊण तासात. एका बाजूला माहुलीचे सुळके, दुसरीकडे नाशिकचा रस्ता. समुद्र नाही. हिने तो हट्ट सोडला आणि मी खाचरांचा सोडला.

जागा घेताना मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन सहज घेता येत नाही. इथली बरीच जमीन ठाकूर, वारली, कातकरी, महादेव कोळी यांची. आदिवासींची जमीन शासनाच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीने घेता येत नाही, आणि घेऊही नये. तानसा अभयारण्य जवळ असेल तर बांधकामाचे निर्बंध वेगळे. एजंट हे काही सांगत नाहीत, ते फक्त डोंगर दाखवतात. आम्ही सातबारा तलाठ्याकडून स्वतः काढला आणि मगच बिनशेती केलेला छोटा प्लॉट घेतला. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून तर असे फोन रोज येतात.

आता पाण्याचं. मुंबईला तानसाचं पाणी १८९२ पासून जातं, भातसाचं जातं. मुंबईच्या नळाला येणारं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसाचं. आणि त्याच शहापूर तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत पाड्यापाड्यांवर टँकर फिरतात, बायका हंडे घेऊन तासन्‌तास उभ्या राहतात. आमची बोअर मार्चअखेर धापा टाकते. सोळा उन्हाळे बघितले, राग कमी झालेला नाही.

दोन वर्षांपूर्वी एका रात्री हिच्या छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्याने गाडी काढली. कल्याणच्या दवाखान्यात पोहोचायला सव्वा तास लागला. एक स्टेंट पडला. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी एवढा वेळ मिळेलच असं नाही. तेव्हापासून मुलगा पुण्याला चला म्हणतो. त्याचं चूक नाही. सत्तरीत राहायची जागा निवडताना तीत दवाखाना मोजावा लागतो. पन्नाशीत तो कोणी मोजत नाही.

ही मात्र पुण्याला तयार नाही. आठव्या मजल्यावर तिला झोप येत नाही. मुलाशी दोन महिने वाद घातल्यावर तिनेच तोड काढली, आणि ती तोड मला भूगोलाच्या मास्तरापेक्षा जास्त भूगोल कळणाऱ्या बाईची वाटली. एप्रिल-मे, जेव्हा बोअर आटते आणि उन्हाने जीव घाबरा होतो, तेव्हा कल्याणला दवाखान्याजवळ भाड्याची खोली. उरलेले दहा महिने आटगाव, गाडीवाला शेजारी आणि १०८ चा नंबर भिंतीवर. मुलगा पूर्ण खूश नाही. धोका उरतोच, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

खोलीवाल्याने पूर्ण जूनचं भाडं मागितलं. हिने साफ नाही म्हटलं. पहिला पाऊस झाला की पाड्यावरच्या बायका शेवळं आणि काकडं घेऊन स्टेशनबाहेर बसतात, आणि ती भाजी कल्याणच्या बाजारात दुप्पट भावाने घ्यायला ती तयार नाही. परतीचा दिवस पाच जून धरला आहे.