पाचवे शील

जळगाव जामोदच्या आपल्या आश्रमशाळेत रोज सायंकाळी आम्ही त्रिसरण-पंचशील म्हणत असू. नववीच्या वर्षी पाचव्या, मद्यपानविरतीच्या शीलाशी माझा आवाज खाली जाऊ लागला. कारण होते माझे वडील.

त्या वर्षी त्यांचे डोळे पिवळे झाले, पाय सुजले, पोटात पाणी झाले. गावाने काविळीची माळ घातली, मुळ्या दिल्या आणि पाठीमागे निकालही दिला: लपून पीत असणार. आजोबांनी १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात दारूचा थेंब आला नव्हता. हे ठाऊक असूनही मी गावावर विश्वास ठेवला. वडील भेटीला आले की मी हळूच त्यांच्या तोंडाचा वास घेई.

अकोल्याच्या शासकीय रुग्णालयात निदान झाले: सिरॉसिस. डॉक्टरांनी समजावले, यकृताचा दाह वर्षानुवर्षे चालला की पेशी मरतात आणि त्यांच्या जागी जखमेच्या व्रणासारखे कठीण तंतू वाढतात. रक्ताची वाट अडते, पोटात पाणी साठते. यकृत बराच काळ मुकाट्याने काम ओढत राहते, म्हणून रोग उशिरा उमगतो. दारू हे त्याचे मोठे कारण. परंतु हिपॅटायटीस बी व सी, स्थूलता आणि मधुमेह यांमुळेही तो होतो. वडिलांच्या रक्तात हिपॅटायटीस बी निघाला.

परतताना एस.टी.त ते एवढेच म्हणाले, "आता तं वास नाही घेशीन ना, पोरा?"

त्याच उन्हाळ्यात ते गेले.

कारणावाचून कार्य नाही, हा प्रतीत्यसमुत्पाद मी याच शाळेत शिकलो होतो. तरीही कारण न शोधता मी वडिलांना दोषी ठरवले. आज नवजात बालकाला चोवीस तासांच्या आत हिपॅटायटीस बीची लस मिळते. पुढे सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांतही ती दिली जाते. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात या रोगाची तपासणी व औषधे शासकीय रुग्णालयांतून मोफत आहेत. घरात एकाला हिपॅटायटीस बी निघाला, तर इतरांनीही रक्त तपासून घ्यावे.

माझ्या धाकट्या बंधु-भगिनींनो, पाचवे शील जरूर पाळा. परंतु ते स्वतःला सावरण्यासाठी आहे, दुसऱ्याला मोजण्यासाठी नव्हे. आणि एखादा दारूमुळेच आजारी पडला असेल, तरी तोही रुग्णच आहे. त्याला आधी दवाखान्यात न्या.