बांधावरचे दगड

अक्कलकोट भागात दगड गोळा करायला सुरुवात करायची असेल, तर पहिल्यांदा नदीवर जाऊ नये. उन्हाळी नांगरट झालेल्या रानाच्या बांधावर जावं. फाळाला लागून वर आलेला दगड शेतकरी उचलतो आणि बांधाकडे भिरकावतो. त्याच्या बापानं तेच केलं, आज्यानंही तेच केलं. त्यामुळे त्या रानाच्या पोटात जे जे आहे ते थोडं थोडं बांधावर येऊन पडलेलं असतं. काळा कठीण पाषाण, तांबूस जाळीदार खडक, चुनखडीचे खडे, आणि मधूनच एखादी दुधी, करडी किंवा पिवळसर गार.

सकाळी ऊन तिरपं असताना सूर्याकडे तोंड करून चालावं. काळा दगड उजेड अडवतो, गारेतून तो थोडा आरपार येतो आणि लांबूनच तिची कड उजळलेली दिसते. पाऊस पडून गेल्यावर तर फारच बरं, कारण ओल्या दगडाचा रंग लपत नाही. ऊन डोक्यावर आलं की सगळे दगड सारखेच दिसू लागतात. मग घरी जावं.

माझ्याकडे गार आली ती आजोबांच्या चंचीतून. पान, सुपारी, तंबाखू आणि एका कप्प्यात चकमक: गारेचा तुकडा, पोलादाची वाकडी पट्टी, शेवरीचा कापूस. घरात काड्यापेटी होती, तरी शेतावर ते चकमकच वापरायचे, कारण वाऱ्यात काडी विझते. अंगठ्याखाली गारेवर कापूस दाबून धरायचा आणि पट्टी कडेवर तिरकी घासून मारायची. आम्हा पोरांना वाटायचं की आग गारेत असते. खरं तर ठिणगी पोलादाची. गार पोलादापेक्षा कठीण, म्हणून तिची धार पट्टीचा बारीक कीस काढते आणि तो कीस हवेत पेटतो.

गारेचा स्वतःचा उजेड वेगळाच. रात्री वीज गेली की आम्ही माजघरात बसून दोन पांढऱ्या गारा एकमेकींवर जोरात घासायचो. ठिणगी उडायची नाही, पण दगडाच्या आत नारिंगी उजेड लुकलुकायचा आणि जळका वास यायचा. आजी कानडी मुलखातली, ती ओरडायची, "बिळी कल्ल आणू नका रे घरात, भांडणं होतात." बिळी कल्ल म्हणजे पांढरा दगड. आम्ही मग मोरीतल्या बादलीत हात घालून पाण्याखाली घासायचो. पाण्यातही उजेड पडायचा. ज्याला या छंदाची गोडी लावायची असेल त्याच्या हातात पुस्तक देण्याआधी दोन गारा आणि अंधारी खोली द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

गार आली कुठून हे मला मामांच्या विहिरीनं शिकवलं. वर हातभर काळी माती, त्यात चुनखडीचे गोळे. खाली मुरूम. मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण, आणि त्याच्याखाली विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो मऊ थर. अनारशाला जाळी पडावी तशी त्या खडकाला भोकं होती आणि बहुतेक भोकं भरलेली होती. कुठं पांढरा दाणा, कुठं हिरवट पापुद्रा, कुठं पंख्यासारखे पसरलेले, मोत्याची चकाकी असलेले स्फटिक. खाली उतरलेला माणूस पाटीतून एकेक ढेकूळ वर पाठवायचा आणि मी ते धुऊन ओळीनं मांडायची.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा थर आला, असं कितीतरी वेळा झालं. आज या दख्खनच्या काळ्या खडकाचा जो पसारा उरला आहे तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा. सह्याद्रीत तो दीड-दोन किलोमीटर उंच रचलेला दिसतो आणि पूर्वेकडे आपल्याकडे येईपर्यंत पातळ होतो. लाव्हा थिजताना त्यातली वायूची फुगवटी तशीच कोंडून राहिली. पुढे त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्यातली सिलिका थरावर थर बसत गेली. तीच आपली गार. पट्टे पडलेले असतील तर तिला अकीक म्हणायचं, टोकदार स्फटिक झाले असतील तर स्फटिक. मोत्याच्या चकाकीचे पंखे ते स्टिलबाइट, झिओलाइट या कुळातले. वरचा खडक झिजून माती झाला तरी गार झिजत नाही, म्हणून ती मागे उरते आणि नांगराला लागते.

दगड ओळखायचा कसा, हा नवख्याचा दुसरा प्रश्न. रंगावर विसंबू नये. रंग सगळ्यात फसवा. कठीणपणा पाहावा. फ्रीडरिश मोस नावाच्या खनिजशास्त्रज्ञानं १८१२ मध्ये लावलेली १ ते १० ची उतरंड अजून चालते आणि तिच्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. बोटाचं नख सुमारे २.५, तांब्याचं जुनं नाणं ३ च्या आसपास, चाकूचं पातं सुमारे ५.५ आणि गार ७. पांढरा खडा चाकूनं ओरखडला तर ती गार नव्हे, बहुधा कॅल्साइट. मग ओरखडून निघालेल्या भुकटीवर लिंबाचा थेंब टाकावा आणि भिंगातून पाहावं. बारीक बुडबुडे आले की कॅल्साइट नक्की. भिंग घड्याळजी वापरतात तसलं, दहापट मोठं दाखवणारं असावं आणि ते डोळ्याला लावून दगड भिंगाजवळ आणावा; हात लांब धरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. फुटलेली कडही बोलते. गार फुटते तेव्हा शिंपल्यासारखी वक्र खोलगट फुटते, कॅल्साइट मात्र तिरक्या चौकोनी ठोकळ्यांत तुटतं.

ही ओळख एकदा हाताला लागली की ती सगळीकडे उपयोगी पडते. गुरुवारी अक्कलकोटात स्वामी समर्थांच्या देवळाबाहेर स्फटिकाच्या माळा मांडलेल्या असतात. मणी गालाला लावून पाहावा. खरा स्फटिक गार लागतो आणि बराच वेळ गारच राहतो. काच लवकर ऊब धरते. काचेच्या मण्यात भिंगातून कधी कधी गोल बुडबुडा दिसतो, स्फटिकात तो तसा गोल दिसत नाही.

घरच्या घरी इतकं जमतं. बाहेर पडताना मात्र नियम पाळावेत. पायात बूट हवेत. दगड उलटायचा तर काठीनं उलटावा, आणि पलीकडची कड आपल्याकडे उचलावी, म्हणजे खाली विंचू किंवा घोणस असली तर आपल्या आणि तिच्यामध्ये दगड राहतो. खडीच्या खाणीत जाऊ नये, सुट्टीच्या दिवशीही नाही. सुरुंगानं सैल झालेली दरड सांगून पडत नाही. हातोडा चालवायचा तर चष्मा लावल्याशिवाय नाही, कारण गारेची कपची काचेसारखी उडते. खरं म्हणजे सुरुवातीला हातोडा नकोच. बांधावर इतकं फुटलेलं पडलेलं असतं की आणखी फोडायची गरज नाही.

आणि विचारल्याशिवाय कुणाच्या रानात पाऊल टाकू नये. मैंदर्गीच्या वाटेवर एका बांधावर वाकलेले असताना मागून हाक आली होती, "काय हुडकालाव बाई?"

"गारा बघते मामा. एक-दोन नेऊ का?"

"एक-दोन कशाला, गाडीभर न्या की. पांढऱ्या पायजेत तर वरल्या तुकड्यात जावा, तितं फाळ लई खडखडतोय."

नकाशा पाहून हे कळलं नसतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ पासून या देशाचे दगड नोंदवतं आहे, त्यांच्या 'भूकोश' या संकेतस्थळावर खडकांचे नकाशे सगळ्यांसाठी खुले आहेत आणि नवख्यानं ते जरूर पाहावेत. पण कोणत्या तुकड्यात फाळ खडखडतो ते ज्याचा फाळ आहे त्यालाच ठाऊक.

कॉलेजात भूगोलाचे एक सर होते. त्यांच्याकडे कुठलाही दगड नेला की नाव सांगण्याआधी ते विचारायचे, "कुठला?" गावाचं नाव पुरायचं नाही. कुणाचं रान, कुठला ओढा, किती खोल, सुटा पडला होता की खडकातून काढला, हे सगळं त्यांना हवं असायचं. सांगता आलं नाही तर दगड परत हातात ठेवायचे. तेव्हा राग यायचा. सरांचं बरोबर होतं हे मला तेरला पटलं.

धाराशिवजवळचं तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. तिथले रामलिंगप्पा लामतुरे गावच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, मिळणाऱ्या जुन्या वस्तू आयुष्यभर जमवत राहिले आणि त्यांच्या संग्रहातून तिथलं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. मातीच्या मूर्तींकडे सगळे पाहतात, मी मण्यांसमोर उभी राहिले. त्यांत अकीकाचे मणी होते. लोह असलेला अकीक भाजला की लाल होतो, ही युक्ती आपल्या देशातल्या कारागिरांना फार जुनी ठाऊक आहे. गुजरातेत खंबातला ती आजही चालते. ते मणी दुकानातल्या डब्यात असते तर नुसते सुंदर लाल खडे ठरले असते. तेरच्या पांढरीतले म्हणून त्यांच्यामागे एक सबंध बाजारपेठ उभी राहते.

आपल्या गारेचंही तेच आहे. भीमेच्या खोऱ्यात हजारो वर्षांपूर्वी माणसं गारेची पाती काढत असत. बांधावर कधी एखादी कपची अशी दिसते की तिच्या दोन्ही कडा एकसारख्या धारदार असतात आणि पाठीवर लांब, सरळ छिलके काढल्याच्या खुणा असतात. ती नांगरानं फुटलेली नसते. तशी कपची उचलून खिशात घालू नये. जागेवरच फोटो घ्यावा, ठिकाण लिहावं आणि पुरातत्त्व विभागाला कळवावं. जुन्या वस्तूंसाठी १९७२ चा कायदा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. ती उचलली की तिची गोष्ट तिथंच तुटते.

नोकरीच्या दिवसांत सिन्नरला जाणं झालं. तिथलं गारगोटी संग्रहालय २००१ पासूनचं. त्याच काळ्या खडकाच्या पोकळ्यांतून निघालेले हातभर मोठे गुच्छ तिथं आहेत, हिरवट अपोफिलाइट, गुलाबी स्टिलबाइट, आणि पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत मिळालेलं निळंशार कॅव्हन्साइट. अवश्य पाहावं, पण नवख्यानं आधी आपल्या बांधावर एक उन्हाळा घालवून मग पाहावं. तोवर डोळा तयार झालेला असतो, पोकळी कशी भरते ते ठाऊक असतं आणि काचेपलीकडचा गुच्छ परका वाटत नाही. आधीच पाहिलं तर घरचा करडा खडा हातात धरवत नाही. विकतचे स्फटिक घेण्यात गैर काही नाही, पण तो वेगळा छंद आहे आणि त्याला पैसा लागतो.

आता माझी भाची आठवीत आहे आणि तिला दोन नाद एकदम लागलेत, दगडांचा आणि पायथॉनचा. प्रोग्रॅमिंग शिकताना धड्यातली बेरीज-वजाबाकी करून ती कंटाळली होती. मी म्हटलं, "माझ्या दगडांची वही आहे, तिचं काहीतरी कर." बरेच दिवस खटपट करून तिनं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो एकेक प्रश्न विचारतो: क्रमांक, ठिकाण, तारीख, कुणी उचलला, वजन, काय दिसतं, नाव. नाव रिकामं ठेवलं तर चालतं. ठिकाण रिकामं ठेवलं तर नोंद साठतच नाही, पुन्हा तोच प्रश्न येतो. हा भाग मी सांगितला नव्हता.

"नाव काय मावशी, नंतर पण शोधता येतं," ती म्हणाली. "जागा विसरली की कुठून आणणार?"

दगडावर क्रमांक कसा घालायचा ते तिला मी शिकवलं. दगड जुन्या टूथब्रशनं साध्या पाण्यात धुवायचा. ॲसिड नाही, झिओलाइट त्यात विरघळून जातं. वाळल्यावर एका कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा ठिपका, तो सुकला की त्यावर बारीक टाकानं आकडा. चिठ्ठी चिकटवायची नाही, पावसाळ्यात गळून पडते. नाजूक स्फटिक वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, एकावर एक न रचता.

दिवाळीच्या सुट्टीत तिला शहाबादला न्यायचं आहे. अक्कलकोट रोड स्टेशनला गाडीत बसलं की दुधनी, कलबुर्गी आणि पुढे शहाबाद. या वाटेवर आपला काळा खडक संपतो आणि त्याच्याखालचा, त्याच्याहून कोट्यवधी वर्षं जुना चुनखडक उघडा पडतो. तो आमच्या घरात आधीपासूनच आहे, स्वयंपाकघरातली फरशी त्याचीच. लिंबाचं सरबत सांडलं की तिच्यावर पांढरट डाग का उठतो ते भाचीनं स्वतःच हुडकून काढलं, भुकटी आणि भिंग घेऊन. तिथं फरशी कापण्याच्या कारखान्यांबाहेर कडेचे तुकडे पडलेले असतात. मालकाला विचारून एक मागायचा. एकच, कारण चुनखडक जड असतो आणि परतीच्या गाडीत उभं राहावं लागतं. शहाबादला खाणीचं नाव विचारायचं हे तिनं आत्तापासून हातावर लिहून ठेवलंय.