आधी लाकडाची वाट, मग यंत्राची जागा

मैत्रिणींनो, सावंतवाडीला गेलं की आपण मोती तलाव बघतो, राजवाडा बघतो, चितारआळीतून लाकडी आंबे-केळी घेतो आणि परततो. पुढच्या खेपेला तिथल्या एखाद्या कारखान्यातही डोकावा बरं का! मी डोकावले, म्हणूनच सासूबाईंच्या पाटल्या सार्थकी लागल्या.

त्याचं असं झालं. कोल्हापुरात आमच्या घरामागच्या शेडमध्ये धाकट्या भाऊजींनी सुतारकाम सुरू केलं. सासूबाईंनी पाटल्या मोडून गोल करवतीचं यंत्र घेऊन दिलं. ‘मध्ये अडचण नको’ म्हणून ते कोपऱ्यात बसवलं. पहिल्याच महिन्यात सात फुटी फळी कापताना तिचं टोक भिंतीला अडलं. फळी तिरपी होऊन पात्यात आवळली आणि उसळून मागे आली. बोट थोडक्यात वाचलं. सासूबाईंनी धसकाच घेतला. म्हणाल्या, “विकून टाका ते.”

दिवाळीच्या सुटीत आजऱ्यावरून आंबोलीचा घाट उतरून आम्ही सावंतवाडीला गेलो. भाऊजी बरोबर होतेच. चितारआळीतला तो कारखाना आमच्या शेडपेक्षाही लहान. पण कुणाला कुणाची अडचण नाही. दाराशीच लाकूड, तेही जमिनीपासून उचलून आडव्या पट्ट्यांवर रचलेलं. कोकणातली दमट हवा, खालूनही वारा लागायला हवा ना! पुढे कापायची जागा. मग खिडकीच्या उजेडात लाकूड कातायचं यंत्र, हत्यारं हाताशी. रंगकाम मात्र पलीकडच्या खोलीत. ओल्या रंगावर भुसा बसला की मेहनत फुकट.

भाऊजींची हकीकत ऐकून म्हातारे कारागीर हसले. “वहिनी, आदी लाकडावांगडा चलान बघा, मगे यंत्र ठेवा!”

घरी आल्यावर मी शाळेतला चौकटीचा कागद काढला. शेड वीस फूट बाय दहा. एका फुटाला अर्धा इंच धरून आखली. यंत्र, कामाचं टेबल, लाकडाची रास यांचे तुकडे त्याच मापाने कापले आणि सरकवत बसलो. सात फुटी फळीला करवतीच्या अलीकडे सात फूट लागतात, तसेच पलीकडेही सात! हे ध्यानात आलं आणि यंत्र शेडच्या मधोमध, लांबीच्या दिशेने आलं. फळी मागे उसळली तर जिथून जाईल, त्या रेषेतून मुलांची ये-जा बंद केली. भाऊजीही आता तिथून जरा बाजूला उभे राहतात. पॉलिशचे डबे भुशापासून दूर, व्हरांड्यात गेले; ते चटकन पेटतात.

एक पैसाही जादा लागला नाही. तुमच्या घरी कुणी असा उद्योग काढत असेल, तर यंत्राच्या पैशांबरोबर एक चौकटीचा कागदही हाती ठेवा.

आणि सासूबाई? विकायचं नाव नाही. परवा भाऊजींना म्हणाल्या, “सहा पाट करून दे. पैसे मी देणार हं!”