यात नवीन काय?

आमच्याकडे लेख घेऊन येणाऱ्या मंडळींना एका प्रश्नाची धास्ती असे. पहिलं पान वाचून झालं, की मी चष्मा कपाळावर सरकवून विचारत असे, 'यात नवीन काय?' या प्रश्नावर भल्याभल्यांचे चेहरे पडलेले मी पाहिले आहेत. 'साभार परत'च्या पाकिटांवर होणारा आमचा टपालखर्च पाहून हिशेबनीस सुस्कारे टाकत, त्याचं मूळही या प्रश्नातच होतं. जुनं वाचायला लोकांच्या घरी कपाट आहे, पैसे मोजून अंक घ्यायचा तो नव्यासाठी, अशी माझी पक्की धारणा होती. ती आताशा सैल झाली आहे. का, ते सांगतो.

आमच्या घरी या धारणेला कुणी कधी भीक घातलीच नव्हती. दिवाळी अंकाची प्रूफं मी बरेचदा जेवणाच्या टेबलावर तपासतो. गणपती उठले, की आमची धांदल सुरू होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत एखाद्या सुट्टीच्या दुपारी टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी' लागलेला असतो. सिनेमा १९८८चा. आमची लेक तेव्हा जन्मालाही आली नव्हती. तिच्या फोनमध्ये जगभरच्या मालिका भरलेल्या आहेत, पण आजीच्या शेजारी बसायचं ते हाच सिनेमा बघायला. इस्रायलच्या औषधाचा प्रसंग जवळ आला, की बायको गॅस बारीक करून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते. अशोक सराफांनी तोंड उघडायच्या आत तिघींचं वाक्य म्हणून झालेलं असतं.

पुढे काय होणार हे पाठ असताना बघायचं तरी काय, असं मी कायम म्हणत आलो. एकदा प्रूफांमधून मान वर केली आणि दिसलं, की आई टीव्हीकडे बघतच नाहीये. विनोद यायच्या जरासा आधी तिची नजर नातीच्या चेहऱ्याकडे वळली होती. नात हसली, मग आई हसली. पुढे काय होणार याची काळजी मिटलेली होती, म्हणून तर तिला बाजूला बघायची फुरसत होती. कोऱ्या करकरीत सिनेमाला आम्ही चौघं जातो, तेव्हा अंधारात एकमेकांकडे ढुंकूनही पाहत नाही. बाहेर आल्यावर 'कसा वाटला?' असं विचारावं लागतं.

मग मला जिकडेतिकडे हेच दिसायला लागलं. संगीत नाटकाला जाणारा रसिक पदं पाठ करूनच जात असे, आणि गाणं संपताच 'वन्स मोअर' म्हणून ओरडत असे. आत्ताच ऐकलेलं लगेच पुन्हा ऐकण्यासाठी! आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' रंगभूमीवर आलं १९६२ साली. लखोबा लोखंडे हा अट्टल भामटा आहे, हे मुंबईपासून नागपुरापर्यंत पोराटोरांनाही ठाऊक झालं, तरी प्रयोग थांबले नाहीत. आरोपी गुन्हेगार आहे का, या प्रश्नासाठी कुणी तिकीट काढत नव्हतं. फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकर एका रूपातून दुसऱ्या रूपात कसे शिरतात, ते लोकांना पुन्हा बघायचं होतं.

'बनवाबनवी'चे संवाद वसंत सबनीसांचे. 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्यही त्यांचंच. तमाशाची चाल ठरलेली: गण, गवळण, बतावणी, वग. पुढे काय येणार हे प्रेक्षकाला ठाऊकच असतं. आणि तरी दादा कोंडके 'विच्छा'मध्ये उभे राहिले, की चालू घडामोडींवरची कोटी त्या दिवशी ताजीच येई. चौकट ओळखीची होती, म्हणूनच लोकांना ती ताजी कोटी अचूक झेलता येत होती. चौकटही नवी आणि कोटीही नवी असती, तर निम्मं नाट्यगृह 'आत्ता काय म्हणाले हो?' असं शेजाऱ्याला विचारत बसलं असतं.

आमच्या धंद्यात तरी वेगळं काय आहे? काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी वाचायला काहीतरी हवं, ही खोड महाराष्ट्राला लागली. मधुकर पाटकरांच्या 'आवाज'मधली खिडकीचित्रं आठवा. वरच्या चित्रात भलताच चावट प्रकार चाललेला दिसतो, पान उलगडलं की आत सगळं सोज्ज्वळ. आपण फसणार आहोत हे वाचकाला पक्कं ठाऊक असतं. तरी तो इकडेतिकडे बघून खिडकी उघडतोच, आणि घरात मोठी माणसं असतील तर जरा जास्तच सावधपणे उघडतो.

आमच्या अंकातही एक ज्येष्ठ लेखक वर्षानुवर्षं एकाच काकांवर लिहितात. चाळ तीच, जिना तोच, काकांचं पाणीखात्याशी भांडणही तेच. नव्याच्या भरात एका वर्षी मी त्यांना विश्रांती दिली. त्यांनी समजूतदारपणे मान डोलावली. वाचक मात्र समजूतदार निघाले नाहीत. त्या अंकात आम्ही बऱ्याच नव्या विषयांना हात घातला होता, त्याबद्दल कुणी अक्षर लिहिलं नाही. पत्रं आली ती काकांच्या चौकशीची. एका बाईंनी लिहिलं, 'काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? जपायला सांगा.' ज्या माणसाला गुडघाच नाही, त्याच्या तब्येतीची विचारपूस माझ्या टेबलावर येऊन पडली होती.

म्हणून आता मी रिपीटचा पुजारी झालोय, असं मात्र कुणी समजू नये. रोज रात्री टीव्हीवर जे दळण चालतं, त्यात सून उंबरठा ओलांडते तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा आळीपाळीने जातो आणि दर चेहऱ्याला वीज कडाडते. तेही तेच ते. फरक एवढाच, की तो भाग पुन्हा बघायची इच्छा कुणालाही होत नाही, बनवणाऱ्यालाही होत नसावी. पुन्हा पुन्हा दाखवलं जाणं वेगळं आणि पुन्हा बघावंसं वाटणं वेगळं.

तेव्हा सध्या मी लेख वाचून झाला, की दोन दिवस बाजूला ठेवतो आणि स्वतःला विचारतो, 'हा परत वाचशील?' लेखकांना वाटलं, संपादक मवाळ झाले. प्रत्यक्षात ही चाळणी अधिक बारीक निघाली. नवेपणावर पास होणारे लेख पुष्कळ असतात. त्यांतले बरेचसे दुसऱ्या वाचनाला माना टाकतात. टपालखर्च काही कमी झालेला नाही.

आमच्या तरुण उपसंपादिकेला माझं हे मतांतर मुळीच पसंत नाही. ती म्हणाली, "सर, सगळ्यांना ओळखीचंच हवं असेल, तर ज्याची अजून ओळखच नाही त्याने काय करायचं? काकांचाही कधीतरी पहिला लेख आलाच असेल ना?" मी निरुत्तर झालो. तो पहिला लेख माझ्या टेबलावर आला असता, तर मी नक्कीच विचारलं असतं, 'चाळीतले काका? यात नवीन काय?'

उपाय शेवटी सबनीसांच्या वाटेने सापडला. चौकट ओळखीची ठेवायची आणि ताजं माणूस तिच्यातून आत आणायचं. यंदा काका परत आले आहेत, गुडघ्यासकट. त्यांच्या अगदी अलीकडच्या पानांवर एका मुलीची पहिलीवहिली कथा आहे. ती मी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा वाचताना प्रूफं तपासायची राहून गेली. काकांना भेटायला निघालेल्या वाचकाला तिच्या दारावरूनच जावं लागेल. तरीही कुणी थेट काकांकडे उडी मारू नये, म्हणून थोडी खबरदारी घेतली आहे. अनुक्रमणिकेत काकांच्या लेखापुढे पानाचा आकडा दिसला नाही, तर तो छापखान्याचा घोळ समजावा.