लाइट गेली तर

भिलाईजवळच्या रिसालीहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांबच. तरी आमच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची टाकी आहे, आणि ती चालते बाबांच्या पोलाद प्लांटमधल्या शहाणपणावर. भिलाईची पहिली झोतभट्टी 1959 साली पेटली. पुढे तिथल्या भट्ट्यांच्या पाण्यावर बाबांची ड्यूटी असे. भट्टीचं कवच थंड ठेवणारं पाणी अडून चालत नाही. म्हणून पंप कसा चालेल याच्या आधी तो बंद पडला तर काय, हे तिथे ठरवतात. क्वार्टरमध्ये कूलरचा पंप बसवतानाही बाबा विचारत, "लाइट गेली तर रे?"

नळाला ठरावीक वेळीच पाणी येई, मग पिंपं भरून ठेवायची. त्यातून नळीने पाणी काढणं माझं काम. नळीचं टोक पाण्यावर आलं की हवा शिरे आणि धार तुटे. सायफनबद्दल पुढे शाळेत शिकवलं, ते मला आधीच हाताने ठाऊक होतं.

पोवळी पाहिली मालवणला, 1987 साली सागरी अभयारण्य झालेल्या त्या किनाऱ्यावर. दगडी पोवळ्याला कायद्याने वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत जागा आहे. ते घरी आणायचं नसतं. माझ्याकडे मशरूमसारखी मऊ पोवळी आणि क्लाऊनफिशची जोडी, एवढंच. पण त्यांच्यासाठीही कॅबिनेटमध्ये पाइपांचं जाळं लागतं. वरच्या टाकीतलं पाणी कंगव्यासारख्या फटींतून ओसंडून खालच्या संपमध्ये उतरतं. तिथे स्किमर बुडबुड्यांवर घाण चढवून बाहेर काढतो आणि रिटर्न पंप पाणी पुन्हा वर पाठवतो. पितळी जोड एकही नाही, कारण तांबं अपृष्ठवंशीयांना विष. सगळं यूपीव्हीसी, आणि पुढेमागे पंप साफ करायचा म्हणून जागोजागी उघडता येणारे युनियन जोड.

लाइट गेली की फटींच्या वरचं आणि पाइपातलं सगळं पाणी खाली येतं. रिटर्नचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल, तर तोच पाइप उलटा सायफन होऊन टाकी उपसू लागतो. त्यावर उपाय पिंपाजवळ शिकलेलाच: पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली पाइपला बारीक भोक. पातळी उतरली की हवा शिरते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भिस्त ठेवत नाही. शेवाळ नाहीतर क्षाराचा कण अडकला की तो नीट मिटत नाही. आणि वरून उतरणारं पाणी मावावं म्हणून संपचा बराच भाग कायम रिकामा. मे महिन्यात पाणी झपाट्याने उडतं, मीठ मागे राहतं. तेव्हा आरओचं गोडं पाणी घालतानाही ती जागा भरू द्यायची नाही. त्याशिवाय बॅटरीवरचा हवेचा पंप, कारण दगडांतल्या, अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो.

टाकी प्रथम चालू झाली तेव्हा मी मासे केव्हा सोडायचे याचा हिशेब करत होतो. बाबांनी येऊन प्लग काढला. संपमधलं पाणी चढत गेलं, काठाच्या खाली थांबलं. "ठीक," म्हणाले आणि चहाला गेले.

निवृत्तीनंतर प्लांटचा भोंगा ऐकून अस्वस्थ होणारे त्यांचे सोबती मी पाहिलेत. बाबांनी मात्र नोकरीत असतानाच शेजाऱ्यांचे नळ दुरुस्त करायला सुरुवात केली होती. तेव्हा आईला तो फुकटचा उद्योग वाटे. मलाही रिकामा संप बघून आधी जागा वाया गेल्यासारखीच वाटली होती. आता माझ्या नोकरीची शेवटची वर्षं आहेत, आणि स्वतःसाठी तेवढी जागा कुठे सोडायची, हे मी अजून शोधतोय.