गाजराची पुंगी

मिरज

चि. सौ. गौरीस,

तुझा निरोप मिळाला. फोनवरच बोललो असतो, पण यात मापं आहेत, आकडे आहेत, ते कागदावर असलेले बरे. ओमलाही वाचून दाखव. त्याच्या शाळेने ‘टाकाऊतून टिकाऊ’साठी फुंकून वाजवायचं वाद्य करायला सांगितलंय आणि तू विचारतेस, तयार साहित्याचा संच मिळतो तो मागवू का. अगं, टाकाऊ वस्तू विकत आणायच्या म्हणजे कमालच झाली! घरातला कचऱ्याचा डबा धुंडाळ, पुरेसं सापडेल.

तू गेल्या वर्षीच्या प्रदर्शनाचे फोटो पाठवले होतेस. बाटल्यांना टिकल्या, नळ्यांना चमकी, खाली झोकदार अक्षरात ‘बासरी’. त्यातलं एक तरी वाजत होतं का? मला विचारशील तर वाद्याला एकच अट असावी, ते वाजलं पाहिजे. टिकायची सक्ती कशाला? आपल्याकडे गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली, असं लोक कुत्सितपणे म्हणतात. मला ती घरी वाद्यं करणाऱ्याची सगळ्यात शहाणी रीत वाटते. व्हिएन्नात 1998 पासून भाज्यांची वाद्यं वाजवणारा एक वाद्यवृंद आहे. मैफलीसाठी ताज्या गाजरांच्या बासऱ्या कोरतात आणि कार्यक्रम संपला की श्रोत्यांना भाज्यांचं सूप पाजतात. म्हणजे त्यांनी आपली म्हण अक्षरशः अंमलात आणली, फक्त वाजल्यावरही खाल्ली! ऑस्ट्रेलियातले लिन्झी पोलक तर लोकांसमोर गाजर ड्रिलने आरपार पोखरतात, त्याला सॅक्सोफोनचं तोंड बसवतात आणि क्लॅरिनेटसारखं सुरेल वाजवून दाखवतात.

हे जमतं, कारण फुंकवाद्यात वाजते ती आतली हवा. नळी बांबूची की प्लास्टिकची, यानं फार बिघडत नाही. तिची लांबी, आतली पोकळी आणि भोकांच्या कडा यांवर सगळं ठरतं. पॅराग्वेत कातेउरा इथे कचऱ्याचा मोठा डेपो आहे. तिथल्या मुलांसाठी फाविओ चावेस यांनी वाद्यवृंद उभा केला. त्यांचा सॅक्सोफोन सांडपाण्याच्या पाइपाचा, त्याला कळा म्हणून नाणी आणि बाटल्यांची बुचं. त्यावर मुलं अभिजात संगीत वाजवतात.

ओमला आधी पेनचं टोपण दे. खालच्या ओठाला टेकवून, उघड्या तोंडाच्या पलीकडच्या कडेवर फुंकायला सांग. पुष्कळ टोपणांच्या टोकाला मुद्दाम भोक ठेवलेलं असतं, चुकून घशात अडकलं तर श्वास चालू राहावा म्हणून. अशा टोपणाचं भोक बोटाने बंद केल्याशिवाय शिट्टी वाजत नाही. बंद-उघड करून पाहिलं की त्याला अर्धं शास्त्र कळेल.

मग स्ट्रॉ. पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता होते, तेव्हा त्यांनी ही स्ट्रॉची पिपाणी किती मुलांच्या तोंडी दिली याला गणती नाही. स्ट्रॉचं एक टोक दोनेक सेंटिमीटर चपटं दाबायचं, दोन्ही कोपरे तिरके कापायचे, की दोन पत्त्यांची चोच तयार होते. सनईच्या पत्तीचं तत्त्व तेच. चोच दातांत धरायची नाही, ओठांच्या आत ढकलायची आणि जोरात फुंकायचं. वाजली की खालून कात्रीने एकेक तुकडा कापत जायचं. दर कापाला स्वर वर चढतो, आणि मुलं हसून लोळतात. तेवढ्याच लांबीची, दोन्हीकडे उघडी नळी बासरीसारखी वाजवली तर ती पिपाणीपेक्षा जवळजवळ एक सप्तक वरचा स्वर देते. पत्तीच्या बाजूने नळी बंद असल्यासारखी वागते, म्हणून. क्लॅरिनेट आणि बासरी यांच्यातही हाच फरक आहे.

अडचण एकच. 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आली. बंदी योग्यच आहे, पण आता शहाळेवाला देतो ती कागदी स्ट्रॉ थुंकीने भिजते आणि पत्त्या एकमेकींना चिकटतात. चार-सहा फुंका मारेपर्यंत ठीक. मला त्यापेक्षा पपईच्या पानाचा पोकळ देठ आवडतो. चीक मात्र नीट धुऊन टाक, त्याने तोंडाची आग होते. तुझ्या आईला विचार, आम्ही लहानपणी पावसाळ्याच्या तोंडाला रुजलेली आंब्याची कोय दगडावर घासून पिपाणी करायचो. त्या आवाजाने आजी घराबाहेर काढायची. हे सगळं टाकाऊच होतं, कुणी त्याला प्रकल्प म्हणत नव्हतं.

बाटलीबद्दल थोडक्यात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकलं की घुमतं. पाणी ओतत गेलं की फुंकून येणारा स्वर चढतो. तीच काचेची बाटली चमच्याने ठोकली तर मात्र पाण्यागणिक स्वर उतरतो. का, ते ओमला सांगू नकोस. दोन दिवस डोकं खाजवू दे.

शाळेत न्यायला नळ्यांची सरगमच कर. आपल्या जलतरंगाची चुलत बहीण म्हण हवं तर. नळकामातून उरलेला अर्धा इंची पीव्हीसी पाइप कुणाही प्लंबरकडे फुकट मिळेल, नवा असला तर उत्तम. गटाराचा किंवा कीटकनाशकाला लागलेला मुळीच नको. त्याचे आठ तुकडे, तळाशी मेण, तोंडं वर, एकाशेजारी एक चिकटपट्टीने बांधलेले. मेणापासून तोंडापर्यंतची आतली लांबी मोजायची. सा 16 सेंटिमीटर, मग रे 14.2, ग 12.8, म 12, प 10.7, ध 9.6, नी 8.5 आणि वरचा सा 8, बरोबर निम्मा. तुकडे सेंटिमीटरभर लांबच काप, मेणाला जागा हवी. पेन्सिलीने मेण वर सरकवलं की स्वर चढतो. हिशोबाने कापूनही वरचे स्वर जरासे उतरलेले येतील, कारण नळीच्या तोंडाबाहेरची थोडी हवाही हलते आणि जाड नळीला हा फरक जास्त जाणवतो. म्हणून वरच्या नळ्या एक-दोन मिलिमीटर आणखी आखूड कर, आणि मोबाइलवरचा तंबोरा लावून कानाने नक्की कर. पेटीशी जुळवू नकोस. या मापाचा गांधार पेटीच्या गांधारापेक्षा किंचित खाली आहे, आणि तो तसाच गोड लागतो.

पाइपाला भोकं पाडून बासरी करायचा मोह होईल. बांबूला तापल्या सळईने भोकं पाडतात, ते पाहून पीव्हीसीवर तसं करू नकोस. त्यातून हायड्रोजन क्लोराइडची घातक वाफ निघते. भोकं ड्रिलनेच, तीही मोठ्या माणसाने.

ओमला भोंगाच हवा असेल तर हिंगाची प्लास्टिकची डबी घे. तळ कापून तिथे फाटक्या फुग्याचा तुकडा ताणून बांध. झाकणाला भोक पाडून पाइपाचा तुकडा आत घाल, पडद्याला टेकेपर्यंत. डबीच्या कुशीत रिफिल काढलेल्या पेनची नळी बसव आणि तिच्यातून फुंक. हवा पडदा उचलते, पाइपात निसटते, पडदा पुन्हा आपटतो, आणि भयंकर आवाज निघतो. शेजाऱ्यांशी संबंध चांगले असतील तरच कर. फुग्याचे तुकडे मात्र धाकट्याच्या हाती लागू देऊ नकोस, घशात अडकतात.

कात्री ओमच्याच हातात दे. वाकडं कापेल, कापू दे. नळी पुरली नाही तर दुसरी आहे. चमकी लावायचीच असेल तर सगळ्यात शेवटी, आणि फुंकायच्या कडांपासून दूर. आणि बाईंना माझ्या वतीने एवढं सांग: प्रदर्शनात ही वाद्यं टेबलावर मांडून ‘हात लावू नये’ची चिठ्ठी लावू नका. ज्याचं त्याने वाजवून दाखवावं, मगच गुण द्यावेत. गलका होईल, पण एका तासाचाच प्रश्न आहे.

तुझा,
मामा